डिझेलचं विरजण

काठी वर आली आणि डेपोच्या आवारात जमलेली तीनशे माणसं एकदम गप्प झाली.

काठी म्हणजे डिझेलच्या टाकीत सोडायची पितळी मापकाठी. तिच्यावर शंभर खुणा आहेत. रोज सकाळी सातला ती टाकीत सोडायची, वर ओढायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा, हे एकवीस वर्षं माझं काम. मी डेपोचा स्टोअरकीपर. आठ दिवसांपूर्वी फळ्यावर चाळीस होतं. आज ओल सत्तरच्या खुणेवर होती.

"वाचा," फोरमन म्हणाला.

"सत्तर."

"मोठ्यानं वाचा हो. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

"सत्तर."

मागे कुठेतरी एक बाई रडायला लागली. बेकरीवाल्याने काठी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि टोकापासून वरपर्यंत हुंगत गेला. "डिझेल," तो म्हणाला. "अथपासून इतिपर्यंत डिझेल." मग टाकीच्या पाइपातून पेलाभर काढून चिंधी भिजवली, पेटवली. ती काळा धूर सोडत जळली. मग बसमध्ये कॅनभर ओतून फोरमनने चावी फिरवली आणि बस पहिल्या झटक्यात सुरू झाली. टाकीत चाळीस खुणा डिझेल होतं, त्यात गावाने रांग लावून तीस खुणा नळाचं पाणी ओतलं होतं, आणि आठ दिवसांनी बाहेर येत होतं ते निव्वळ डिझेल. तीनशे माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं, नाकाने हुंगलं, जाळून बघितलं. आणखी काय पाहिजे?

हे सगळं करणारा बुवा टाकीशेजारी उभा होता. तुम्हाला दाढी, माळा, भस्म असलं काही दिसत असेल तर ते पुसून टाका. हा नव्या जमान्याचा बुवा होता. कडक इस्त्रीची पांढरी मेकॅनिकची डांगरी, खिशात चार पेनं आणि गळ्यात डॉक्टरची असते तसली नळी. ती नळी तो टाकीच्या पोटाला लावायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा, "लागतंय. लागतंय." तेवढा वेळ कोणी खोकायचं देखील नाही.

"पाण्यात हायड्रोजन असतो, हे शाळेत शिकलात ना?" बुवा गर्दीला विचारी. गर्दी मान हलवी. "डिझेलमध्येही हायड्रोजन असतो. मग दोघं सख्खे भाऊ झाले की नाही? नुसती ओळख पटवून द्यायची. दुधाला विरजण लावलं की रात्रीत दही होतं, तेव्हा तुम्ही कोणाकडे पुरावा मागता का? मी डिझेलला विरजण लावतो. पृथ्वीच्या पोटातलं तेल आटलेलं नाही, आपला विश्वास आटलाय."

विरजण म्हणजे चमचाभर करडी पूड. ती पाण्याबरोबर टाकीत जायची. त्यानंतरचा नियम एकच, पण कडक. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नाही आणि तळ ढवळायचा नाही. टाकीच्या तळाला एक नळ आहे. लोखंडी टाकीत गंज धरतो, दमट हवेने पाणी सुटतं, म्हणून दर शनिवारी मी तो नळ उघडून बादलीभर घाण काढून टाकायचो. तो नळ आता चाळीस दिवस उघडायचा नव्हता. बुवाने त्याच्यावर पांढरं फडकं बांधलं, आणि फोरमनने मला बजावलं की त्याला हात लावशील तर गाठ माझ्याशी आहे.

फोरमनला मी तेव्हा हसलो नाही, आजही हसत नाही. या माणसाने एके काळी याच डेपोतून बावीस बसगाड्या सोडल्या होत्या. टाकीतला गाळ इंजिनांत जायला लागला तेव्हा त्यानेच उपसा-पाइपाचं तोंड एका तरंगत्या डब्याला बांधलं, म्हणजे डिझेल कितीही असो, पाइप ते वरच्या थरातूनच उचलतो. त्या युक्तीसाठी त्याला कंपनीचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं. आता त्याच्याकडे एक बस उरली होती. बाकीच्या एकवीस मागच्या कुंपणाला टेकून गंजत होत्या आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. अशा माणसाला कोणी सांगितलं की पाण्यावर बावीस गाड्या परत धावतील, तर तो काय करेल?

तेल कमी होत जाणार हे काही गुपित नव्हतं. तीन महिन्यांनी एक टँकर यायचा, आणि दर वेळी मागच्या वेळेपेक्षा हलका यायचा. पण गावाने कुरकुरत का होईना, त्याच्याशी जमवून घेतलं होतं. बेकरीची भट्टी एक दिवसाआड पेटायची. न्हावी पेटी घेऊन दारोदार फिरायचा, त्यामुळे वीस जणांची पायपीट वाचायची. शिंप्याने विजेची मोटर काढून मशीनला परत पायाचं पॅडल बसवलं. बाजारामागच्या चार मजली इमारतीची लिफ्ट जनरेटरवर चालायची, ती बंद झाली तेव्हा वरच्या म्हाताऱ्यांनी आणि तळमजल्यावरच्या जोडप्यांनी घरांची अदलाबदल केली. त्यावरून इतकी भांडणं झाली की विचारू नका, पण शेवटी कपाटं जिन्यावरून वरखाली गेली आणि सगळे नांदायला लागले. आणि मंगळवारी व शुक्रवारी डेपोची बस चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात जायची. एका फेरीला काठीवरची एक खूण.

त्या बसमध्ये माझी आक्का असायची.

आक्का माझी थोरली बहीण. टपाल कार्यालयात तीस वर्षं पत्रं निवडली, लग्न केलं नाही, माझ्या मुलीला आईच्या माघारी तिनेच वाढवलं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. मशीनवर रक्त शुद्ध करून घेतल्याशिवाय तिचा आठवडा निघत नसे. डॉक्टर म्हणाले होते, तीनदा आलात तर उत्तम, दोनदा आलात तर चालेल, त्याखाली जाऊ नका. दोनदावर आमचं चाललं होतं. दिवसाला एक बाटली पाणी, त्याच्यावर एक घोट नाही. ती बाटलीवर पेनने रेघा मारून ठेवायची.

बुवा आला तेव्हा आक्का म्हणाली, "अरे, त्याला विचार, माझ्या मूत्रपिंडांना विरजण लावतोस का म्हणून."

आम्ही दोघंही हसलो होतो. आमचा विश्वास नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण फळ्यावर सत्तर लिहिल्यावर डिझेल वाटून देणाऱ्या गावसमितीने ठराव केला की बस आता आठवड्यातून तीनदा जाईल, आणि मी तोंड मिटलं. तीनदा गेल्यावर आक्काच्या पायांची सूज उतरली. ती चहाचं भांडं स्वतः उचलायला लागली. "आता जरा माणसात आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. माझी बहीण माणसात येत असताना मी शंका कशाला काढू? काठी खोटं बोलत नाही, असं मीच चारचौघांत म्हणायला लागलो. बुवाला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

मग काय, गावाला पंख फुटले. लिफ्ट सुरू झाली आणि म्हातारे परत चौथ्या मजल्यावर चढले. बेकरी रोज भाजायला लागली. ज्यांच्या जीपगाड्यांवर वर्षभर पांघरूण होतं ते कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला जीप काढू लागले. दर आठवड्याला बुवा टाकीला नळी लावायचा, तीन कॅन डिझेल "दुसऱ्या गावांच्या विरजणासाठी" काढून घ्यायचा, आणि जेवढं गेलं तेवढं पाणी गावाकडून आत ओतून घ्यायचा. दर आठवड्याला काठी सत्तरवर. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि दळणाचं माप लिहायला मी होतो.

माझी मुलगी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. चौथ्या आठवड्यात जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमची काठी मोजते काय?"

"डिझेल."

"नाही. नीट सांगा. ती ओली होते, तुम्ही ओलीची खूण बघता. मग मोजते काय?"

"उंची," मी म्हणालो.

"कशाची उंची?"

माझा घास हातात राहिला. एकवीस वर्षं मी ती काठी ओढली आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण टाकीत डिझेलशिवाय दुसरं काही कधी नव्हतंच.

"पण ती टोकापर्यंत डिझेलने माखलेली येते," मी म्हणालो. "बेकरीवाल्याने हुंगलीय."

"येणारच. वर ओढताना डिझेलच्या थरातूनच येते ना? पाण्यात बुडालेलं टोकही वर येताना माखतं. आणि तुमच्या फोरमनसाहेबांचा पाइप तरंगतो. तो वरचं उचलतो. खाली समुद्र असला तरी त्याला पत्ता लागायचा नाही."

आक्का ताटावरून म्हणाली, "तेलकट भांडं घासायला घेतलं की तवंग वर येतो. त्याला विज्ञानाची बाई कशाला लागते?" मग तिने ताट बाजूला सारलं. तिच्या तीन फेऱ्यांचं काय होणार, ते तिला आमच्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने काचेच्या बरणीत डिझेल घेतलं, पाणी ओतलं, बुवाच्या चमच्याला चिकटलेली पूड मी चिमूटभर आणली होती ती टाकली, आणि बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली. आठ दिवस मुलं रोज बघत होती. पाणी खाली, डिझेल वर, मध्ये सरळ रेघ. रेघ केसभरही हलली नाही. पूड तळाशी बसली. ती चुलीतली राख होती.

पुढच्या विरजणाच्या दिवशी ती बरणी घेऊन डेपोत आली. बुवा नळी लावून "लागतंय" म्हणत होता.

"इथे का नाही लागलं?" तिने बरणी वर धरली. "हेच पाणी, हीच पूड, आठ दिवस."

बुवा गोड हसला. "बाई, ती काच आहे. काचेला पोट नसतं. विरजण अंधारात लागतं, उजेडात नासतं."

लोक हसले. टाळ्या पडल्या.

"बरं," ती म्हणाली. "मग पोट असलेल्या टाकीचा तळाचा नळ उघडा. डिझेल आलं तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

हसू थांबलं. फोरमन नळाच्या आड येऊन उभा राहिला. "चाळीस दिवस व्हायला नऊ दिवस राहिलेत," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेली माणसं नेहमी शेवटच्या घटकेला खोडा घालता."

"फोरमनसाहेब," मी म्हणालो, "दर शनिवारी हा नळ मी उघडत आलोय. बाजूला व्हा."

तो हलला नाही. मी त्याला ढकललं. पंचवीस वर्षांची आमची ओळख, एका डब्यातलं खाल्लेलं, आणि मी त्याला ढकललं. फडकं फाडलं, पाना लावला, नळ उघडला.

पाणी आलं. पहिल्या बादलीत गंज होता, दुसरीपासून स्वच्छ, तोंड धुवावं असं पाणी. दहा बादल्या झाल्या, वीस झाल्या. लोक वाकून वाकून बघत होते, की आता रंग बदलेल, आता वास येईल. ऐंशीव्या बादलीच्या आसपास पिवळा तवंग आला तेव्हा मी नळ बंद केला आणि काठी सोडली.

"नऊ," मी म्हणालो. कोणी मोठ्याने वाचायला सांगितलं नाही.

आता गाव बुवाची गचांडी धरेल असं मला वाटलं होतं. मी या गावात जन्मलो, पण मला माझं गाव कळलं नव्हतं.

"झालं समाधान?" बुवा माझ्या मुलीला हळूच म्हणाला. मग गर्दीकडे वळला. "विरजण लागत आलं होतं. नऊ दिवस राहिले होते. यांनी पोट फाडलं."

"आम्ही सांगत होतो, तळ ढवळू नका," बेकरीवाला म्हणाला. मला म्हणाला, बुवाला नव्हे. एक म्हातारी, जिला चौथ्या मजल्यावरून आता परत खाली यायचं होतं, माझ्या पायांवर थुंकली. बुवाने आपले कॅन उचलले आणि जीपवाल्याने त्याला मानाने गावाच्या हद्दीपर्यंत सोडलं. जाताना टाकीत उरलेल्या नऊ खुणांतली एक त्या जीपमध्ये गेली.

टँकर यायला सात आठवडे होते. आठ फेऱ्यांचं डिझेल उरलं होतं. बुवा आला नसता तर दर आठवड्याला दोन फेऱ्या आरामात निघाल्या असत्या, आणि गावाच्या पाण्याच्या पंपालाही थोडं उरलं असतं. मुलीने समितीत भांडून भांडून एवढं मिळवलं की आठही फेऱ्या इस्पितळासाठीच राहतील. आठवड्याला एक, मंगळवारी. एक अडीअडचणीला शिल्लक.

तीनदाची सवय झालेलं आक्काचं शरीर एकदावर आलं. ती पाण्याच्या बाटलीवरच्या रेघा निम्म्या खाली आणून पीत होती, तरी सूज गुडघ्यांवर चढली. रात्री आडवं होता येईना, म्हणून खुर्चीत बसून झोपायची. एकदाही तिने मला म्हटलं नाही की नळ कशाला उघडलास. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पाचव्या आठवड्यात रविवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. फुप्फुसांत पाणी चढलं होतं, ते छातीत वाजत होतं. मंगळवारपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. शिल्लक फेरी अशाच वेळेसाठी होती. मी डेपोत धावत गेलो.

बस जागेवर नव्हती.

पहारेकऱ्याने खाली बघत सांगितलं, "फोरमनसाहेब पहाटेच घेऊन गेले. चार जणांना घेऊन. बुवांची माफी मागून त्यांना परत आणायला."

जीपगाड्यांत थेंब नव्हता, आणि समितीने टाकीला घातलेल्या कुलपाची किल्ली फोरमन बरोबर घेऊन गेला होता. न्हाव्याने हातगाडी आणली. गादी टाकून आक्काला उशांना टेकवून बसवलं आणि आम्ही तिघं, न्हावी, मुलगी आणि मी, चाळीस किलोमीटर ढकलायला निघालो. चढावर मुलगी मागून खांदा लावायची. आक्का माझ्याकडे बघत होती. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. अकराव्या किलोमीटरच्या दगडाच्या जरा अलीकडे छातीतला आवाज थांबला. मी पुढे ओढतच होतो. मुलीने गाडी धरून ठेवली तेव्हा मला कळलं.

आम्ही सावलीला बसलो होतो तेव्हा समोरून बस आली. आमचीच. फोरमन खाली उतरला. आतल्या चौघांच्या मधल्या सीटवर बुवासाठी घेतलेली नवी गादी तशीच गुंडाळलेली होती. बुवा मिळाला नव्हता. त्याने सांगितलेल्या गावात असला कोणी माणूसच राहत नव्हता.

फोरमनने हातगाडीकडे बघितलं आणि टोपी काढली. मग म्हणाला, "आक्कांसाठीच गेलो होतो हो. बुवा आले असते तर परत तीन फेऱ्या झाल्या असत्या."

"आत्याला बुवा नको होता," माझी मुलगी म्हणाली. "बस हवी होती."

तो तिथेच रस्त्यावर बसला. त्या बसमधून आम्ही आक्काला घरी आणलं.

मी हे लिहितोय ते बुवाला शिव्या घालायला नाही. तो चोर होता, चोराने चोरी केली. राखेची पूड, तरंगता पाइप आणि ओली होणारी काठी, एवढंच त्याचं भांडवल. यातला पाइप आणि काठी आमची होती. पायी चालायचा, भाकरी एक दिवसाआड भाजायचा आणि जिना चढायचा आम्हाला कंटाळा आला होता, तोही आमचाच. तेल कमी होत जाणार आहे. ते कमी नाही होणार असं सांगणारा कोणीतरी तुमच्याकडेही येईल, आणि त्याचं बोलणं माझ्या मुलीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी गोड असेल. त्याने जिथे हात लावू नका म्हटलं असेल तिथे आधी हात लावा. पहिल्याच दिवशी लावा, माझ्यासारखा महिना घालवू नका. आणि जे थोडं उरलंय ते कोणासाठी ठेवायचं हे गावाने शांतपणे बसून ठरवावं. आम्ही ते एकदा ठरवलं होतं, आणि ते चाललं होतं.

टँकर ठरल्या दिवशी आला. बस पुन्हा मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. मृत्यूचा दाखला घ्यायला मी तिच्यातूनच इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी सही केली आणि मी विचारलं नसताना म्हणाले, "आठवड्याला दोन फेऱ्यांवर त्या सहज पाच-सात वर्षं काढत्या."